एवढी मोठी घोडी आणि बाबागाडीत?

या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहिणार होतो. डेटाबेस मायग्रेशनच्या नावाखाली आमच्या टीमने घातलेल्या गोंधळाबद्दल. अर्धं लिहूनही झालं होतं. पण जूनमध्ये ऐकलेलं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये, आणि ते बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. तेव्हा मायग्रेशन पुढच्या आठवड्यात.

वाक्य वर शीर्षकात दिलंय. स्थळ ऑर्लँडो, डिझनी वर्ल्ड, एपकॉटचं गेट. वेळ सकाळी साडेनऊ. बोलणारा माझा चांगला मित्र. (मुलं त्याला काका म्हणतात, म्हणून मीही इथे काकाच म्हणतो. तो हे वाचतो. वाच बाबा.) आणि घोडी म्हणजे आमचं कन्यारत्न. वय वर्षं सहा, उंची 115 सेंटिमीटर, वजन 20 किलो.

तीन मराठी कुटुंबं मिळून गेलो होतो. मी गावातल्या भाड्याच्या दुकानातून एक स्ट्रोलर घेतला होता. बायकोलाही आधी पटलं नव्हतं. "अरे, पहिलीत जाईल ती आता!" पण पहिला दिवस मॅजिक किंग्डममध्ये काढल्यावर तिनेच तो ढकलायला घेतला. कन्या सकाळभर आमच्या पुढे पळत होती, दुपारी दोनला चढून बसली, चाळीस मिनिटं गाढ झोपली, आणि रात्रीची आतषबाजी टक्क डोळ्यांनी बघितली. काकांचा आठ वर्षांचा मुलगा तोपर्यंत फुटपाथवर आडवा झाला होता.

दुसऱ्या दिवशी गेटवर काका हसत हसत ते वाक्य बोलले. वाईट हेतू अजिबात नव्हता. आपल्याकडे पोरांना असंच बोलतात. बाकीचे हसले, मीही हसलो (ही माझी चूक). कन्या मात्र गाडीतून उतरली आणि दिवसभर परत बसली नाही.

आता थोडं गणित. चालताना माणसाचं एक पाऊल साधारण उंचीच्या 41 टक्के पडतं असं धरतात. माझी उंची 172, म्हणजे पाऊल सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. कन्येचं 47. माझ्या फोनने त्या दिवशी 13 किलोमीटर दाखवले. म्हणजे माझी पावलं अठरा हजारांच्या वर आणि तिची साडेसत्तावीस हजारांच्या पुढे. तेही मोठ्या माणसांच्या वेगाने, काँक्रीटवर, फ्लोरिडाच्या जूनमध्ये. ज्यांनी हा जून पाहिला नाही त्यांनी ठाण्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणावा, आणि रोज दुपारी त्यात एक वळीव पाऊस टाकावा. पाऊस थांबला की जमिनीतून वाफा येतात.

डिझनी वर्ल्ड ही एक जत्रा नाही, चार मोठे पार्क आहेत. मॅजिक किंग्डम 1971 चं, एपकॉट 1982 चं, हॉलिवूड स्टुडिओज 1989 चं आणि अॅनिमल किंग्डम 1998 चं. सगळी जागा मिळून जवळपास सॅन फ्रान्सिस्को शहराएवढी. मॅजिक किंग्डमला स्वतःची गाडी घेऊन गेलात तर ती पार्कच्या दाराशी लागतच नाही. पार्किंगपासून तळ्यापर्यंत जायचं, मग सिक्युरिटी, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, मग गेट. एवढं झाल्यावर दिवस सुरू होतो. रात्री हेच सगळं उलट्या क्रमाने, आणि तेव्हा पोरगं तुमच्या खांद्यावर मेल्यासारखं झोपलेलं असतं.

एपकॉटची तर आणखी गंमत आहे. तिथे वर्ल्ड शोकेस म्हणून तळ्याभोवती अकरा देशांची दालनं गोलात मांडली आहेत. पूर्ण चक्कर साधारण दोन किलोमीटर. मेक्सिकोकडून निघालो. नॉर्वे, चीन, जर्मनी झालं आणि इटलीत कन्या खाली बसली. रडली नाही, हट्ट केला नाही, नुसती बसली. इटलीच्या पुढे अमेरिकेचं दालन, ते बरोब्बर मध्यावर. म्हणजे पुढे जा नाहीतर मागे फिरा, अंतर जवळजवळ तेवढंच. इंजिनिअरांना कळेल, सिस्टिम बंद पडायला यापेक्षा वाईट जागा नाही.

आणि स्ट्रोलर तिथेच होता! रिकामा. म्हणजे त्यात आमच्या पाण्याच्या बाटल्या, रेनकोट आणि थेपले बसले होते. मी म्हटलं, "चल ग, बस." तर ती काकांकडे बघून मान हलवून नाही म्हणाली. पाय थरथरतायत, तोंड लालबुंद, आणि तरी नाही. सहा वर्षांच्या मुलीने लाज वाटते म्हणून दुखणं लपवलं, आणि ते मी बघितलं. त्या क्षणी मला हा विषय चेष्टेचा वाटेनासा झाला.

सुटका कुणी केली ते सांगतो. काकांच्या आई बरोबर होत्या. सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेल्या, वय बहात्तर. तिकडे रोज सकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतात, ठणठणीत आहेत. पण पार्कमध्ये त्यांच्यासाठी व्हीलचेअर भाड्याने घेतली होती. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि वाटायला नकोच. आजींनी व्हीलचेअरमधूनच हाक मारली, "अगं ये इकडे. मी नाही का बसले? मला कुणी घोडी म्हणालं का?"

काका एकदम फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं बघायला लागले. कन्या उठली, थेपले बाजूला सारले आणि बसली. पुढचे देश त्या दोघींनी शेजारी शेजारी गाडीतून पाहिले, एक मी ढकलत होतो आणि एक काका.

आता मुद्द्यावर येतो. आपण मराठी लोक (आणि एकूणच देशी लोक) आई-बाबांना अमेरिकेला बोलावतो तेव्हा तिकीट काढतानाच एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगतो की नाही? त्यातल्या किती जणांना चालता येत नाही? बहुतेकांना येतं. पण टर्मिनल लांबलचक, भाषेचा प्रश्न, इमिग्रेशनची रांग, अठरा-वीस तासांचा प्रवास. आपण विचार करतो की हे अंतर या माणसाच्या रोजच्या चालण्याच्या पलीकडचं आहे, मग चाकांची सोय केलेली बरी. (खरी गरज असलेल्यांना त्यामुळे ताटकळावं लागतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) मग हाच विचार 20 किलोच्या माणसाला का लागू होत नाही? तिथे लगेच शिस्त, संस्कार आणि "लाडावून ठेवलंय" कुठून येतं?

"आम्ही लहानपणी मैलोन्‌मैल चालायचो." हा पहिला बाण. मीही चालायचो हो! शाळा दीड किलोमीटरवर होती. वाटेत चिंचेखाली थांबायचो, दगडाला लाथा मारत जायचो, उशीर झाला तर छडी खायचो. पण वेग माझा होता. सलग बारा तास दुसऱ्याच्या वेगाने कुणी चालवलं नव्हतं. आणि गावच्या जत्रेत? तिथे तर मी वडिलांच्या खांद्यावर होतो. तुम्हीही होतात. सहा-सात वर्षांची पोरं बापाच्या खांद्यावर बसून जत्रा बघतात, याचं आपल्याला केवढं कौतुक! आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या वारीतसुद्धा ठरलेले विसावे असतात. खांदा चालतो, कडेवर चालतं, विसावा चालतो. खांद्याला चाकं लावली की मात्र मूल आळशी. कमाल आहे.

ही चाकं लावणारा माणूसही आपल्याच जातीचा, म्हणजे इंजिनिअर. ओवेन मॅक्लारेन. स्पिटफायर या लढाऊ विमानाची खालची चाकं आणि त्यांची घडी यावर काम केलेला. मुलगी मॉस्कोहून नातवंड घेऊन आली, तेव्हा तिची ती अवजड बाबागाडी बघून निवृत्त आजोबांनी 1965 मध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. वजन सहा पौंड. प्रवासात घेऊन जाता यावी, हाच तिचा उद्देश. विमानाची चाकं मिटतात तशी बाबागाडी मिटवणं, याला म्हणतात कोड रीयूज :)

दुसरा बाण जास्त टोकदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की मुलांना बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभराहून जास्त जखडून ठेवू नये. मला हे शंभर टक्के मान्य आहे. आमच्या इथल्या मॉलमध्ये पाच वर्षांचं धडधाकट पोर गाडीत, हातात टॅब, तोंडात चिप्स, असं दृश्य दर रविवारी दिसतं आणि माझीही चिडचिड होते. पण ती सूचना रोजच्या जगण्याबद्दल आहे. आमची कन्या घरी चालतच शाळेत जाते, गाडी माळ्यावर आहे. पार्कमध्येही पहिल्या दिवशी ती जेमतेम दीड तास गाडीत होती, तोही तुकड्या-तुकड्यांनी. बाकी सगळं चालणं तिचंच. दिवसभरात आठ-नऊ किलोमीटर चाललेल्या मुलीला व्यायामावर व्याख्यान देणाऱ्यांनी आधी स्वतःच्या फोनमधला पावलांचा आकडा दाखवावा.

गर्दीची तक्रार मात्र खरी आहे. माझ्या टाचेवर दोन दिवसांत तीनदा गाड्या आदळल्या आहेत, त्यातली एक डबल सीटची होती आणि ढकलणाऱ्या बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. डिझनीने 1 मे 2019 पासून 31 इंचांपेक्षा रुंद आणि 52 इंचांपेक्षा लांब गाड्या बंद केल्या, ओढायचे वॅगनही बंद केले. उत्तम झालं. राइडच्या बाहेर गाड्या लावायच्या जागा बघाल तर गणेशोत्सवात देवळाबाहेर चपलांचा खच पडावा तसं असतं, आणि तुम्ही आत असताना तिथली माणसं त्या सरकवून नीट रांगेत लावतात, त्यामुळे बाहेर आल्यावर आपली गाडी शोधणं हाही एक खेळ. (हँडलला लाल रुमाल बांधा. अनुभवाचे बोल.) पण हा तक्रारीचा विषय गाडी चालवणाऱ्याचा आहे. बसणाऱ्याच्या वयाचा त्याच्याशी काय संबंध? दोन वर्षांच्या बाळाची गाडी टाचेवर कमी लागते का?

आणि ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती आता. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बघितलंत तर अगदी तुमच्या-आमच्या पोरांसारखा. हसतो, बोलतो, क्रिकेटवर वाद घालतो. त्याला स्नायूंचा आजार आहे. पंधरा मिनिटं चालला की पाय साथ देत नाहीत. व्हीलचेअर नको म्हणतो, मोठा स्ट्रोलर त्याला त्यातल्या त्यात बरा वाटतो. अशा मुलांसाठी डिझनीच्या गेस्ट रिलेशन्समध्ये एक टॅग मिळतो. तो गाडीला लावला की स्ट्रोलर व्हीलचेअर म्हणून धरतात आणि रांगेत आतपर्यंत नेता येतो. म्हणजे कंपनीला कळतं. कळत नाही ते रांगेतल्या लोकांना. सहकारी सांगत होता, चालण्याचा त्रास आम्ही सांभाळतो रे, पण दर तासाला कुणीतरी नवीन माणूस पोराकडे बघून हसतो आणि मग तो रात्री विचारतो की उद्या मी चालू का.

टॅग छोटा असतो. लांबून दिसत नाही. काकांना दिसला नसता, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मलाही दिसला नसता. कन्या व्हायच्या आधी असल्या गाड्यांकडे बघून मी बायकोला कोपरानं ढोसलेलं आहे. ती आठवण करून देईल म्हणून आधीच कबूल करतो.

किती वयापर्यंत गाडी चालेल, असं काकांनी नंतर विचारलं (जरा चिडूनच). मी म्हटलं, डिझनीच्या तिकिटात तीन ते नऊ वर्षं म्हणजे मूल, दहाव्या वर्षी माणूस अॅडल्ट होतो आणि पूर्ण पैसे भरतो. पार्कमध्ये भाड्याने मिळणाऱ्या सिंगल गाडीला 50 पौंडांची मर्यादा आहे. या दोन आकड्यांत जे बसतं त्याचा निर्णय त्याच्या पायांनी आणि त्याच्या आई-बापांनी घ्यावा. रांगेतल्या काकांचं त्यात मत घेतलेलं नाही.

डिसेंबरमध्ये परत जायचं घाटतंय, तीच तीन कुटुंबं. यावेळी पार्कातलीच डबल गाडी घेणार आहे, तिला 100 पौंडांपर्यंत चालतं. कन्या 44 पौंड आणि काकांचे चिरंजीव 55 पौंड, एकूण 99. चिरंजीवांनी गेल्या रविवारी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं. बाबांना सांगू नका म्हणाला. फक्त डिसेंबरपर्यंत दोघांनी जरा बेतानं खायला हवं.