जंताची गोळी आणि घराचा उंबरठा

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात भंडारा जिल्ह्यातील शाळा आणि अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध दिले जाते. २०१५ साली देशात सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय जंतनाशक दिना’चा हा परिपाठ आता शिक्षकांच्या आणि पालकांच्या अंगवळणी पडला आहे. दोन वर्षांखालील बालकास अर्धी आणि त्यावरील मुलास ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, इतका हा सोपा कार्यक्रम आहे. तो स्तुत्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि, ही मोहीम ज्या जंतांसाठी आखली गेली आणि आई ज्यांच्यामुळे रात्री मुलाला घेऊन जागी राहते, ते जंत पुष्कळदा एक नसतात. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ‘गोळी दिली, प्रश्न मिटला’ असा समज दृढ होऊ पाहत आहे.

मोहिमेचा रोख आहे तो मातीतून पसरणाऱ्या तीन जंतांवर : गोल जंत, चाबकासारखा जंत आणि हुकवर्म. यांपैकी हुकवर्मच्या अळ्या ओलसर, सावलीच्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीत शिरतात आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त शोषतात. तलावांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात, जेथे रोवणीच्या दिवसांत बायामाणसे अनवाणी बांध तुडवीत असतात, तेथे या जंताकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी जंत हे त्यांतील एक आहे.

परंतु सुतासारखे बारीक, पांढरे जंत, ज्यांना डॉक्टर ‘पिनवर्म’ म्हणतात, त्यांची कथा निराळी आहे. त्यांना माती लागत नाही. माणसांची दाटी पुरते. मूल झोपले की सुमारे एक सेंटिमीटर लांबीची मादी आतड्यातून गुदद्वारापाशी येते आणि तेथील कातडीवर हजारो अंडी घालते. खाज सुटते, मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि तोंडावाटे पुन्हा पोटात जातात. काही तासांतच ही अंडी संसर्गक्षम होतात, आणि चादरी, कपडे, खेळणी यांवर ती दोन-तीन आठवडे तग धरू शकतात. एका मुलाचा जंत सगळ्या घराचा होतो, तो असा.

हा आजार जीवघेणा नव्हे. पण झोपमोड, चिडचिड, वर्गात लक्ष न लागणे, खाजवून झालेल्या जखमा आणि लहान मुलींना होणारा जननमार्गाचा दाह, हे त्याचे परिणाम क्षुल्लक मानता येणार नाहीत. त्यात लाजेची भर पडते. गोड खाल्ल्याने जंत होतात, दात खाणारे मूल हमखास जंताचे, अशा समजुतींवर घरात मोकळेपणी चर्चा होते. मात्र खाज नेमकी कुठे सुटते, हे डॉक्टरांना सांगताना जीभ अडखळते. नेहमीच्या शौचतपासणीत ही अंडी बहुधा सापडत नाहीत. सकाळी अंघोळीपूर्वी गुदद्वाराजवळच्या कातडीला पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही खरी तपासणी होय.

येथे अर्थशास्त्राचा एक जुना सिद्धांत कामी येतो. काही खर्चांचा लाभ खर्च करणाऱ्यापुरता राहत नाही, तो शेजाऱ्यालाही मिळतो. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी केनियातील शाळांत जंतनाशक औषधाचा अभ्यास करून २००४ साली दाखविले, की मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली आणि औषध न घेतलेल्या मुलांनाही लाभ झाला. त्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला, आणि तो अभ्यास पिनवर्मचा नव्हता, हेही खरे. पण संसर्ग तोडायचा तर एकट्याचा नव्हे, समूहाचा विचार करावा लागतो, हे तत्त्व पिनवर्मला अधिकच लागू पडते. एका मुलाला गोळी देऊन त्याच अंथरुणावर निजणाऱ्या भावंडांना वगळणे, म्हणजे एक भोक बुजवून गळक्या बादलीत पाणी भरणे होय.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. पिनवर्म आढळल्यास वैद्यकीय सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्यावे. गोळीने जंत मरतात, अंडी मरतीलच असे नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा आवश्यक असते. गर्भवती स्त्रिया आणि अगदी लहान बालके यांच्याबाबत निर्णय डॉक्टरांनीच करावा. त्या दिवसांत नखे कापणे, सकाळी उठताच अंघोळ, अंतर्वस्त्रे रोज बदलणे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळविणे, ही पथ्ये गोळीइतकीच मोलाची आहेत.

मात्र अशी पथ्ये सांगणे सोपे. पाळण्यासाठी पाणी, साबण आणि अंथरुणाचा दुसरा जोड लागतो. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबापाशी तो नसेल, तर दोष आईच्या स्वच्छतेला देता येत नाही. आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांची जबाबदारी तर थेट शासनाकडे जाते. तेथे प्रत्येक मुलाला स्वतंत्र चादर, पुरेसा साबण आणि एकाच वेळी सर्वांना दोन मात्रा, ही व्यवस्था हवी. वर्गात गोळी वाटणारे हात अभिनंदनास पात्र आहेत. पण आशा कार्यकर्तीमार्फत तीच मोहीम उंबरठा ओलांडून घरात गेली नाही, तर वर्षानुवर्षे गोळ्या वाटूनही मुलांची झोप मोडतच राहील.