मागे जायचं कसं?

‘पंचतारांकित एमआयडीसी’ म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्यांना मोठं हॉटेलच वाटतं! प्रत्यक्षात कागलच्या या वसाहतीत मशीन शॉप आहेत, कापडाचे कारखाने आहेत. माझे काही जुने विद्यार्थी तिथे सीएनसी चालवतात. त्यांचं म्हणणं, मशीन जपानी असो की जर्मन, पॅनेल प्रत्येकाचं वेगळं. पण पिवळ्यावर लाल, छत्रीसारखं इमर्जन्सी बटण सगळीकडे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकच आहे. नव्या पोरालाही ते शोधावं लागत नाही.

मग मोबाइलमध्ये साधं ‘मागे जा’ शोधावं का लागतं?

अँड्रॉइडमध्ये हे बटण खाली. त्यातही काही कंपन्या ते डावीकडे ठेवतात, तर सॅमसंग उजवीकडे. आयफोनमध्ये तसं बटणच नाही. वर डाव्या कोपऱ्यात बाण, नाहीतर डाव्या कडेवरून बोट सरकवायचं. 2019 साली अँड्रॉइड 10 आलं आणि तिथेही डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत सरकवून मागे जायची सोय झाली. सोय खरी, पण दिसत नाही! जे दिसत नाही ते आमच्या वयाच्या माणसाला कोणी सांगायचं? तरुण म्हणतात, “सवय होते हो सर.” होते ना. पण 2024 मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपची चॅट्स-कॉल्सची पट्टी वरून खाली आली, तेव्हा बोट कितीतरी दिवस वरच जायचं.

जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. दुसरी गाडी चालवणारा बुलेटवर बसला की घाईत ब्रेकऐवजी गिअर दाबायचा. आता सगळ्या मोटारसायकलींचा गिअर डावीकडे आहे. कुणाची कल्पकता त्यामुळे आटली का?

प्रत्येक फोनची आपली पद्धत असायला माझी हरकत नाही. पण अ‍ॅप करणाऱ्याने निदान त्या फोनची पद्धत पाळावी. आणि नुसत्या तीन रेघा काढून मेनू दडवण्यापेक्षा खाली ‘मेनू’ असा शब्द लिहावा, मराठीत.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, मंडळी. पैसे पाठवताना किंवा हयातीचा दाखला भरताना माणूस मध्येच अडकला, की घाबरून शेजारी उभ्या असलेल्या कोणाच्याही हातात फोन देतो. कधी कधी पिनसुद्धा सांगून टाकतो! फसवणारा नेमकी हीच वेळ साधतो. परतीची वाट दिसत असेल, तर म्हातारं माणूस नवीन गोष्टसुद्धा न भिता करून बघतं. शाळेतही हेच पाहिलं. खोडरबर हाताशी असलं की मुलं बिनधास्त लिहितात.

असो. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांचं बोट कुठे अडतं, ते एकदा बघा आणि मला जरूर कळवा.