कोयत्याच्या पात्यासाठी बेल्ट ग्राइंडर : पैसा कोठे घालावा?

ऊस जमिनीलगत तोडावा, कारण बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते, हे बागाईतदारास सांगावयास नको. परंतु बोथट कोयत्याने असा तोड साधत नाही. बुडखा फाटतो आणि त्याचा उपद्रव पुढे खोडव्यास होतो. कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात ऊस लावणारे आणि मावळात भात कापणारे, या दोघांसही चांगल्या पात्याची किंमत ठाऊक आहे. म्हणूनच लोहाराच्या मदतीने कोयते, विळे व सुऱ्या घडवून घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांनी बेल्ट ग्राइंडर घेताना पैसा कोठे घालावा व कोठे वाचवावा, याविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ धार पाजवावयाची असेल तर हे यंत्र घेऊ नये; त्या कामास सहाण पुरेशी आहे. नवे पाते घासून आकारास आणणे, त्याचा उतार दोन्ही अंगांस सारखा करणे आणि मूठ गुळगुळीत करणे, एवढ्याच कामांसाठी त्याचा खर्च सार्थकी लागतो.

बाजारात स्वस्त म्हणून मिळणारी लहान यंत्रे बहुधा 25 मिलिमीटर रुंद पट्ट्याची व अल्प शक्तीची असतात. जरा जोर दिला की मोटर दबते, आणि पट्टा आखूड असल्यामुळे लवकर तापून झिजतो. उलट अमेरिकेतील चांगल्या तयार यंत्रास दीड-दोन हजार डॉलर व त्याहूनही अधिक पडतात. आमच्या मते या दोहोंपैकी कोणताही मार्ग आपला नव्हे. देहूरोडच्या एका अंगास चिंचवड व भोसरी, दुसऱ्या अंगास तळवडे व चाकण. लोखंडी पत्रा कापणारे, लेथवर चाके कातणारे आणि मोटरी विकणारे इतक्या जवळ असता, 50 मिलिमीटर रुंद व सुमारे 1830 मिलिमीटर लांब पट्ट्याचे यंत्र येथेच बांधून घेणे शहाणपणाचे होय. हे माप चाकू घडविणाऱ्यांत सर्वत्र रूढ आहे, त्यामुळे पट्टे मिळण्यास अडचण पडत नाही.

सांगाडा साधा असला तरी चालेल. रंगरंगोटीस पैसा नको. मात्र मोटरीत काटकसर करू नये. दोन अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे दीड किलोवॉटची, तीन फेजची मोटर व तिच्यासाठी व्हीएफडी घ्यावा. घरात एकच फेज आहे, मग ही मोटर कशी चालणार, अशी शंका येईल. तर एका फेजवर चालणारा व्हीएफडी मिळतो. तो मोटरीस तीन फेज पुरवितो. मोटरीची जोडणी मात्र त्याच्या 230 व्होल्टला जुळणारी असावी व हे काम जाणत्या वायरमनकडून करवावे.

व्हीएफडीचा खरा लाभ वेग कमीजास्त करण्यात आहे. मिनिटास 2880 फेरे घेणाऱ्या मोटरीवर 150 मिलिमीटर व्यासाचे चाक बसविले, तर पट्टा सेकंदास सुमारे साडेबावीस मीटर धावतो. कच्चे पाते घासण्यास हा वेग ठीक. पण पाणी दिलेल्या पात्याची पातळ धार त्याने क्षणात तापते. धारेवर निळा रंग चढला म्हणजे पोलाद सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापले असे समजावे. त्या जागी पाण्याने आलेला कठीणपणा उतरतो आणि पुढे कितीही पाजवले तरी धार टिकत नाही. म्हणून अखेरचे घासकाम निम्म्याहून कमी वेगाने, उघड्या हाताने आणि पाते वारंवार पाण्यात बुडवून करावे. हाताला चटका बसतो तोच इशारा होय.

दुसरा खर्च पट्ट्यांचा. सिरॅमिकचा खरखरीत पट्टा महाग दिसतो, परंतु कठीण पोलादावर साध्या पट्ट्यापेक्षा पुष्कळ अधिक काम देतो. झिजलेला पट्टा ओढीत बसणे ही काटकसर नव्हे. तो कापीत नाही, केवळ तापवितो. मालट्रकचे जुने कमानपाटे या कामी उत्तम पोलाद पुरवितात, तरी त्यांत बारीक भेगा नाहीत हे पाहून घ्यावे.

धुळीकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. नाकातोंडावर धूळ अडविणारा योग्य मास्क व डोळ्यांवर चष्मा हवाच. उपरणे, सैल बाह्या व सुती हातमोजे यंत्राजवळ नकोत. लाकडाच्या भुशावर पोलादाच्या ठिणग्या पडू देऊ नयेत.

शेवटचा प्रश्न मालकीचा. एका शेतकऱ्याच्या घरी हे यंत्र वर्षातील बहुतेक दिवस झाकून राहील. पाच-सहा शेतकऱ्यांनी वर्गणी करून ते गावच्या लोहाराकडे ठेवावे, वर्गणीदारांचे काम ठरल्या दराने व्हावे आणि उरलेल्या वेळी लोहाराने बाहेरचे काम घ्यावे. पाणी किती व केव्हा द्यावे हे ज्ञान त्याच्यापाशी आहे, ते कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. त्याला वगळून घेतलेले यंत्र स्वस्तात मिळाले तरी महागच पडेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.