दूरचित्रवाणीचा बाजार आणि घरची चाळणी

व्यापाऱ्यास मालाच्या ढिगाचे अप्रूप नसते. ढीग पाहून गिऱ्हाईक भुलते. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच भाव बोलतो. हीच दृष्टी आपण आपल्या घरातील दूरचित्रवाणीसंचाकडे वळवावी, असे आम्हांस वाटते. या संचावरील ढीग वर्षानुवर्षे वाढत गेला आहे. तो पारखणारा हात मात्र बहुतेक घरांत उरलेला नाही.

आपल्या देशात दूरदर्शनचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस प्रयोगादाखल झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू होऊन मराठी भाषेस पडद्यावर स्थान मिळाले. येथे गुजरातेत १९७५ साली खेडा जिल्ह्यातील पीज या गावाहून प्रक्षेपण सुरू झाले. गावोगावच्या दूध सहकारी मंडळ्यांत सार्वजनिक संच ठेवले गेले. शेती, आरोग्य, अस्पृश्यता, दारूबंदी अशा विषयांवर लोकांच्या स्वतःच्या बोलीत कार्यक्रम होत आणि गावकरीच त्यांत भूमिका करीत. १९८४ साली या उपक्रमास युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. वाहिनी एक, वेळ थोडा. परंतु माणसे एकत्र बसत, आपल्या बोलीतले ऐकत आणि उठल्यावर त्यावर बोलत. त्या उपक्रमाचे खरे भांडवल हेच होते.

पुढे काळ पालटला. १९९२ च्या ऑक्टोबरात ‘झी’ ही खाजगी हिंदी वाहिनी आली, १९९९ च्या ऑगस्टात ‘अल्फा मराठी’ आली आणि आज देशात परवानगी मिळालेल्या खाजगी वाहिन्यांची संख्या नऊशेच्या घरात गेली आहे. एका दिवसाचाच माल पाहावा. पहाटे ‘जिनवाणी’ व ‘पारस’ या वाहिन्यांवर मुनिमहाराजांची प्रवचने. सव्वानऊ वाजता शेअरबाजार उघडताच अर्थवाहिन्यांवर आकड्यांची धावपळ. दुपारी पाककृती आणि आदल्या रात्रीच्या मालिकांची पुनरावृत्ती. शेतकऱ्यासाठी २०१५ पासून ‘डीडी किसान’, मुलांसाठी अष्टौप्रहर चित्रांच्या गोष्टी. सायंकाळपासून कौटुंबिक मालिका, क्रिकेट, चित्रपट. आणि रात्री बातम्यांच्या नावाखाली आठ माणसांचा एकाच वेळी चाललेला गलका. यांतील प्रत्येक वस्तू वाईट आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. प्रवचन उत्तम, शेतीची माहिती उत्तम, बरी मालिकाही करमणुकीस योग्य. परंतु सर्व धान्ये उत्तम असली तरी ती एका पोत्यात ओतून कोणी विकत नाही.

आता वजनाकडे पाहावे. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांप्रमाणे एका तासात जाहिरातींना जास्तीत जास्त बारा मिनिटे घेता येतात. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात दहा किलो दुसरेच काही निघाले तरी ते नियमांत बसते! आमच्या पेढीवर अशी तूट कोणी एक दिवस सोसणार नाही. तासातून ही बारा मिनिटे वजा केली की अठ्ठेचाळीस उरतात. सामायिकाचा काळही अठ्ठेचाळीस मिनिटांचाच. तेवढा वेळ मन एके जागी ठेवणे ज्यांस अवघड वाटते, तेच मालिकेसमोर त्याच्या तिप्पट वेळ निश्चल बसतात. तेव्हा स्थिर बसण्याची शक्ती समाजातून गेली, असे कोणी म्हणू नये.

आपल्या घरांत हा प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची आपली रीत असल्यामुळे सायंकाळचे तीन तास मोकळे पडतात. पूर्वी ते प्रतिक्रमण, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि वडीलधाऱ्यांच्या गोष्टी यांत जात. वाहिन्यांचा सर्वांत आकर्षक माल नेमका याच तीन तासांत मांडलेला असतो. आपल्या सद्‌रीतीने वाचविलेला वेळ असा परक्या खात्यावर जमा व्हावा, याचे आम्हांस वाईट वाटते.

याहून जिव्हाळ्याची गोष्ट भाषेची. सुरतेच्या उत्तरेस, तापीपलीकडील या कोसाडात आपण राहतो. पेढीवर दिवसभर ‘घउं’ आणि ‘चोखा’ म्हणणारी आमची जीभ उंबरठा ओलांडताच ‘गहू’ आणि ‘तांदूळ’ म्हणते. नातवंडांस मात्र पहिलेच शब्द ठाऊक आहेत. गुजराती ही आपल्या अन्नाची भाषा आहे, तिचे ऋण आपण मानतोच. मुलांना ती उत्तम यावी. परंतु आजीचे बोलणे नातवास कळू नये, हा तोटा कोणत्या नफ्यातून भरून निघणार? महानगरपालिकेच्या मराठी शाळा शहरात आहेत, पण आपल्यापैकी बहुतेकांची मुले गुजराती वा इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या कानी घराबाहेरचे मराठी पडण्याचे जवळजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे हा संच.

आणि येथेच निवडीचा अधिकार कामास येतो. २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची किंमत स्वतंत्र जाहीर करावी लागते आणि ग्राहकास सुटी वाहिनी घेण्याची मुभा आहे. सुटे धान्य पारखून घेणारे आपण, येथे मात्र केबलवाल्याने बांधून दिलेले पुडके मुकाट्याने घेतो आणि त्यात मराठी वाहिनी आहे की नाही, हेही विचारीत नाही! याउलट, यंत्रमागावर राबणारा खानदेशी कामगार ‘फ्री डिश’ची तबकडी एकदाच बसवून, दरमहा काही न देता, दूरदर्शनची ‘सह्याद्री’ घरी आणू शकतो. जे त्यास साधते ते आपणांस न साधावे, हे शोभत नाही.

सबब आमच्या तीन सूचना आहेत. घरात काय व किती वेळ पाहावयाचे, हे सर्वांनी मिळून सकाळीच ठरवावे. श्रावकाच्या बारा व्रतांतील भोगोपभोगपरिमाण डोळ्यांस व कानांस लागू नाही, असे कोठे म्हटलेले नाही. दुसरे, एक तरी मराठी वाहिनी निवडून घ्यावी आणि तीवरील एखादा चांगला कार्यक्रम आजी-आजोबांसह मुलांनी रोज पाहावा. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे, कार्यक्रम संपताच संच बंद करून, पाहिले ते मुलांना मराठीत सांगावयास लावावे. चुकले तर हसू नये, शब्द पुरवावा.

संच घरातून काढून टाका, असा उपदेश आम्ही करीत नाही. बाजार ओस पडावा, असे कोणता व्यापारी म्हणेल? परंतु बाजारातून येणारे धान्य जात्यावर जाण्यापूर्वी चाळणीतून जाते. गृहिणीच्या हातची ती चाळणी दाण्यास जशी लागते तशी दृश्यासही लागावी, एवढीच आमची व्यापारी बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.