केरसुणी लक्ष्मी, मग केरसुणी बांधणारी कोण?



दिवाळी आली की अंबाजोगाईच्या बाजारात नव्या केरसुण्या विकायला येतात. लोक त्या घरी नेतात, हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पुजतात. ज्या मातंग मावशीने शिंदीचा पाला आणून, वाळवून ती बांधली, तिच्याशी मात्र पाच रुपयांसाठी घासाघीस. आणि तिची वस्ती आजही गावाच्या कडेलाच.

आता याच कामाला ‘वारसा’ म्हणायची फॅशन आली आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले दोर, फडे, टोपल्या, वहाणा म्हणे आपली संस्कृती! कुणाची? गावगाड्यात हे काम कुणी हौसेने निवडले नव्हते. दोर मांगाने वळायचा, टोपली बुरुडाने विणायची, वहाण चांभाराने शिवायची. घायपात पाण्यात कुजवायचा, त्याची घाण सोसायची, हाताची आग होईपर्यंत वाख काढायचा, मग पीळ देत कासरा, दावे, नाडा करायचा. पोळ्याला बैल सजायचा तो या कासऱ्यावर. मोबदला? खळ्यावरचे बलुते, तेही मालकाच्या मर्जीचे.

नायलॉनचा दोर आला, ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले आणि हा धंदा बसला. आमच्यातले काही म्हणतात, बरे झाले, जातीचे काम सुटले. पण काम सुटले म्हणून जात सुटली का? दोर वळणारे कितीतरी हात कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये सांगितले होते की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि धंदा बदलू न देणारी जात बेकारीला थेट कारण ठरते. बीड जिल्ह्यात हे पुस्तकात शोधावे लागत नाही.

अशा वेळी 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना आली. 18 धंदे, 15 हजारांची अवजारे, 5 टक्के व्याजाने कर्ज. अर्जदार कोण? ‘कुटुंबाधारित पारंपरिक’ धंद्यात असलेला कारागीर. वयाची अट फक्त 18 वर्षे पूर्ण! म्हणजे बारावी झालेल्या पोराने कॉलेजचा फॉर्म भरायच्या वयात बापाचा धंदा कोणता ते सांगायचे. यात जातीची अट कुठे आहे, असे विचारणाऱ्यांनी सांगावे, केरसुणीच्या रांगेत किती देशपांडे उभे राहिले? 1953 मध्ये मद्रासला राजाजींनी शाळकरी पोरांना अर्धा दिवस घरच्या धंद्याला लावायचा घाट घातला होता. पेरियारांनी रान उठवले आणि 1954 मध्ये कामराजांनी ती योजना गुंडाळली. त्याच तामिळनाडूने आता विश्वकर्माही नाकारून कुटुंबाच्या धंद्याची अट नसलेली, 35 वर्षांवरच्यांसाठीची स्वतःची योजना आणली. महाराष्ट्र फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवतो, आणि इथे चकार शब्द नाही.

गंमत बघा. 2015 ला गोवंश हत्याबंदीने बैलाच्या कातड्याचा पुरवठा तोडायचा आणि नंतर चांभाराच्या हातात अवजारांची पेटी द्यायची! शिवायचे काय, हवा?

माझा विरोध कौशल्याला नाही. शिंदीच्या पाल्याची जाण असलेल्या मावशीला कारखान्यातल्या कुशल कामगाराइतकी मजुरी मिळालीच पाहिजे. बांबूची तीच टोपली डिझाइनच्या संस्थेतला पदवीधर करतो तेव्हा तो डिझायनर असतो, बुरुडाची म्हातारी करते तेव्हा ती नुसती बुरुडीण. ही कला शिकायचीच असेल तर सगळ्या जातींच्या पोरांनी शिकावी, आणि शिकवायला गुरुजी म्हणून या म्हातारीला पगारावर नेमावे.

तोवर वस्तीवर दोन कामे करू. ज्या मावश्यांची नोंदणी झाली, त्यांचे पैसे आले का ते विचारायला त्यांच्यासोबत जाऊ. आणि त्यांच्या नातवंडांचे शिष्यवृत्तीचे, स्वाधार योजनेचे अर्ज मुदतीआधी भरून घेऊ. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला लावा, ऐनवेळी तहसीलला रांग असते.