बर्ग्यांची अंगाई

मैत्रिणींनो, आमच्या शिरूर कासारला शेजारी एक बंगाली बिऱ्हाड आलंय. नवरा सराफाकडे कारागीर. परवा दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि ती बाळाला थोपटत गुणगुणत होती. चाल इतकी गोड, की मी अर्थ विचारला. बिचारी संकोचली. म्हणाली, "दीदी, यात बर्गी येतात. त्यांना द्यायला घरात काही उरलेलं नसतं." बर्गी कोण गं? "तुमच्याकडचेच, घोड्यावरचे."

बर्गी म्हणजे आपले बारगीर, बरं का! सरकारी घोड्यावर बसणारे मराठी स्वार. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईसाठी बंगालात शिरले. १७४४ मध्ये नबाब अलिवर्दीखानानं त्यांना बोलणीला बोलावून दग्यानं मारलं, मग काय, सूडच पेटला. १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख चौथाई ठरली आणि ओरिसाही हाती आला.

गंगाराम नावाच्या बंगाली कवीचं त्याच काळातलं 'महाराष्ट्र पुराण' आहे. त्यात जळालेली गावं आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. शत्रूकडचं लिहिणं म्हणून सोडून द्यावं, असं मलाही वाटलं. पण त्याच्या काव्यात पाप्यांना शासन व्हावं म्हणून देवच मराठ्यांना धाडतो आणि तेच गरिबांवर उलटतात. असं लिहिणाऱ्याला आपला वैरी कसं म्हणायचं?

शाळेत मी इतिहास शिकवते. राक्षसभुवन इथून फार लांब नाही. १७६३ साली माधवरावांनी तिथं निजामाला हरवलं, हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. निजामानं पुणं जाळलं होतं ना! पण बरद्वानच्या, कटव्याच्या बायकांनी आपलं काय जाळलं होतं? आमचे हे म्हणतात, "राज्य वाढवायचं म्हटलं की एवढं चालायचंच." मग शिवाजी महाराजांना का नाही चाललं? चिपळूणच्या छावणीला पत्र धाडून त्यांनी ताकीद दिली होती, की लागेल ते बाजारातून विकत आणा, रयतेला त्रास देऊ नका. यावर हे पेपर वाचायला लागले.

सोमवारी आठवीला राक्षसभुवन शिकवायचंय. यंदा त्याच फळ्यावर कटवाही लिहिणार आहे. मी तासिकांवर आहे, तेव्हा जरा धाकधूक आहेच. मुख्याध्यापक काय म्हणाले ते पुढच्या खेपेला कळवीन.