तेलाची बाटली देण्यापूर्वी

माझगावातील चाळींतून चिकित्सालयात येणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘डॉक्टर, ओटीपोटात दुखतं, चोळायला एखादं तेल द्या.’ या मागणीत गैर काहीच नाही. दुखऱ्या अंगाला तेल लावणे हा आपल्या घरांतील जुना संस्कार आहे आणि त्यास शास्त्राचाही आधार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे वर्णन करताना वायूस प्रधान कारण मानले आहे, आणि वातशमनार्थ तैल श्रेष्ठ होय. तथापि, मागितले म्हणून तेल देणे ही चिकित्सा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताची किंमत एका रुग्णेने मोजली आहे. काही वर्षांपूर्वी तिशीतील एका भगिनीस मी कटी व ओटीपोटावर अभ्यंगासाठी तेल दिले. तिला बरे वाटे, म्हणून ती तेच पुन्हा नेई. पाळीपूर्वीच वेदना सुरू होतात काय, शरीरसंबंधाच्या किंवा मलप्रवृत्तीच्या वेळी दुखते काय, हे मी विचारलेच नाही. आठ महिन्यांनी वेदना असह्य झाल्यावर सोनोग्राफी केली, तेव्हा दोन्ही अंडाशयांत ‘चॉकलेट सिस्ट’ आढळल्या. तेलाने अपाय केला नव्हता. परंतु आठ महिने वाया गेले, आणि ते माझ्यामुळे गेले.

सहा महिन्यांहून अधिक टिकणारी ओटीपोटाची वेदना हे लक्षण आहे, निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. त्याखेरीज गर्भाशयाच्या गाठी, श्रोणीतील जंतुसंसर्ग, मूत्राशयाचे व आतड्यांचे विकार, आणि आपल्याकडे विसरता न येणारा जननमार्गाचा क्षय, ही कारणेही पाहावी लागतात. अभ्यंगाच्या उबेने व स्पर्शाने आखडलेले स्नायू सैल होतात, झोप लागते. ग्रंथी मात्र त्याने विरघळत नाही.

आणखी एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो. चाळीत शौचालय सामाईक, गॅलरीच्या टोकाला. भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून मासळी विकणाऱ्या स्त्रीला तर तेवढीही सोय सहज मिळत नाही. ती पाणी कमी पिते आणि वेग अडवून धरते. मूत्रवेगधारणाने बस्तिप्रदेशी शूल होतो, असे चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे; तेथेच स्वेद, अवगाह व अभ्यंग हे उपायही दिले आहेत. तेथे तेल योग्यच. पण वेगधारण सुरूच राहिले तर तेल किती दिवस पुरणार?

योग्य तपासणीनंतर घरी करावयाचा विधी साधा आहे. दोन-तीन चमचे तिळतेल गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करावे. कंबर, माकडहाड, ओटीपोट व मांड्यांवर हलक्या हाताने पंधरा मिनिटे जिरवावे. मग गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेक घेऊन स्नान करावे. ताप, अजीर्ण, मासिक पाळी किंवा गर्भधारणेची शंका असल्यास हा विधी टाळावा. तेलाने मोरीची फरशी निसरडी होते, हेही सांगावे. योनिपिचु व उत्तरबस्ति हे मात्र चिकित्सकाच्या हातचे, निर्जंतुक साधनांनी करावयाचे कर्म आहे. घरच्या घरी कोणतेही तेल योनिमार्गात घालू नये. सुगंधी अर्कतेले तर श्लेष्मल त्वचेस पोळतात.

आपल्या सभासदांनी प्रत्येक बाटलीबरोबर एक लहान चिठ्ठी द्यावी, अशी माझी विनंती आहे. अवेळी किंवा अतिरक्तस्राव, सायंकाळी ज्वर, वजन घटणे, दुर्गंधी स्राव, लघवीत रक्त किंवा वाढती वेदना यांपैकी काहीही दिसल्यास तेल न चोळता त्वरित यावे, एवढेच तिच्यावर लिहावे. चार आठवड्यांनी पुन्हा तपासणीची तारीखही त्यावर असावी. ती तारीख उलटूनही रुग्णा आली नाही, तर तिची चौकशी करणे हेही आपलेच कर्तव्य आहे.